गॅरेजमध्ये आली की शहाणी होणारी गाडी

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १२५ सीसीची मोटारसायकल आहे. २०१० सालची, कार्बोरेटरची. घरापासून शाळा २६ किलोमीटर, शेवटचा टप्पा चढाचा. सकाळी गाडी अर्ध्या किकेत सुरू होते, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. पण वाटेत कुठे दहा मिनिटं थांबले की पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नाही. दोनदा तर कुंभार्ली घाट चढताना चालता चालताच बंद पडली. आतापर्यंत प्लग दोनदा बदलला, बॅटरी एकदा, सीडीआय (प्लगला ठिणगी टाकायला लावणारा डबा) एकदा, आणि कार्बोरेटर तीनदा उघडून साफ केला. साडेपाच हजार गेले. गॅरेजमध्ये ढकलत नेली की तिथे एका किकेत सुरू होते आणि मेकॅनिक माझ्याकडे असा बघतो, जणू मलाच गाडी चालवता येत नाही.

मी विज्ञान शिकवते. शेवटी वहीत नोंद ठेवायला लागले. १० एप्रिल ते ५ जुलै, एकूण ११ वेळा. अकराही वेळा गाडी त्याआधी किमान अर्धा तास चाललेली होती. पाऊण तास उभी केली की सुरू होते. टाकी कधी भरलेली, कधी रिझर्व्हला. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, फरक पडला नाही. सेल्फ जोरात फिरतो. किक नेहमीइतकीच जड लागते. चोक ओढून पाहिलं, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून पाहिलं. अकरापैकी नऊ वेळा पाऊस लागण्याआधीच्या, नंतर फक्त दोनदा. मेकॅनिक म्हणतो, सीडीआय बदलल्यामुळे गाडी सुधारली. सुधारली का?
— एक शिक्षिका, पाटण तालुका

उत्तर : नाही ताई, सुधारली नाही. तिला गारवा मिळाला.

आधी तुमच्या वहीबद्दल बोलतो. पस्तीस वर्षं कराडात गॅरेज चालवतोय. रोज कोणी ना कोणी ओट्यावर बसून सांगतं, 'गाडी कधी कधी सुरू होत नाही हो.' कधी कधी म्हणजे कधी, असं विचारलं की गिऱ्हाईक आकाशाकडे बघतं. तुम्ही चौदा ओळींत जे लिहून पाठवलंत, त्यामुळे माझं अर्धं काम इथे बसल्या बसल्या झालं.

सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी, तिच्या वायरी आणि सेल्फची मोटर, तिघंही सुटले. बॅटरीवर घातलेले पैसे वाया गेले म्हणा, पण इतक्या जुन्या गाडीला नवी बॅटरी कधीतरी लागलीच असती. किक जड लागते म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, टाइट झाले असते तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसला नसता आणि किक लोण्यातून गेल्यासारखी खाली गेली असती. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं की गाडी अशीच अर्ध्या तासाने मरते. पेट्रोल खाली उतरतं, त्याची जागा घ्यायला वरून हवा येत नाही, शेवटी पेट्रोल उतरायचंच थांबतं. पण त्यात झाकण उघडलं की 'फुस्स' होतं आणि दोन मिनिटांत गाडी सुरू. तुम्ही उघडून पाहिलंत, काही झालं नाही. राहिलं ओव्हरफ्लो. तापलेल्या कार्बोरेटरमधून जादा पेट्रोल इंजिनात गेलं तर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारल्यावर गाडी दोनचार फटके खाऊन धूर सोडत उठते. तुमची ढिम्म हलत नाही.

मग उरला करंट. आणि करंटमधलंही असं काहीतरी, जे थंड असताना धडधाकट आणि तापलं की मेलेलं. माझा पहिला संशय पल्सर कॉइलवर. कोणी पिकअप कॉइल म्हणतं, वस्तू तीच.

इंजिनाच्या डाव्या अंगाला गोल कव्हर असतं, त्याच्या आत मॅग्नेट फिरतो. मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेला एक छोटा उंचवटा आणि त्याच्यासमोर, मिलिमीटरपेक्षा कमी फट ठेवून, काडेपेटीहून लहान अशी ही कॉइल बसवलेली. उंचवटा समोरून गेला की कॉइलमध्ये क्षणभर थोडीशी वीज तयार होते. ती वीज म्हणजे सीडीआयला इशारा : आता ठिणगी टाक. इशाराच गेला नाही तर सीडीआय कितीही नवा असू दे, तो गप्प बसणार. कॉइलच्या आत केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून एखाद्या ठिकाणी तार आतल्या आत तुटते, पण टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. थंड असताना चालतं. इंजिन तापलं, सगळं प्रसरण पावलं, की टोकं सुटतात. पाऊण तासाने निवलं की पुन्हा टेकतात. प्रसरण मी तुम्हाला शिकवायला नको.

आता कळलं ना, गाडी गॅरेजमध्ये शहाणी का होते? ढकलत नेईपर्यंत ती निवलेली असते. आणि पावसाळ्यात इंजिनावर सतत पाणी उडतं, हवा गार, म्हणून तक्रार नवावरून दोनवर आली. सीडीआयला फुकटचं श्रेय मिळालं. गंमत अशी की करंटचा दोष म्हटलं की आम्ही मेकॅनिक लोक पावसाची वाट बघतो, कारण ओल लागली की तो एरवी वाढतो. पाऊस लागल्यावर बरी होणारी गाडी बघून तुमचा मेकॅनिक फसला असेल तर मी त्याला फार बोल लावणार नाही.

कारण मीही फसलोय. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. एका गवळ्याची टू-स्ट्रोक गाडी होती, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. घरी एका किकेत सुरू व्हायची, डेअरीवर दूध घालून आला की वीस-वीस किका. मी प्लग बदलला, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. दर वेळी पैसे घेतले आणि दर वेळी तो चार दिवसांनी परत आला. शेवटी लाजेकाजेस्तव पहाटे त्याच्याबरोबर डेअरीवर जाऊन उभा राहिलो. तेव्हा दिसलं. घरी तो गाडी डबल स्टँडला लावायचा, हँडल सरळ. डेअरीच्या उताराच्या ओट्यापाशी साइड स्टँडला, हँडल डावीकडे वळलेलं. तशीच उभ्या उभ्या किक मारायचा. मी हँडल सरळ केलं, किक मारली, गाडी सुरू. हँडलच्या मानेपाशी चावीच्या वायरीचं कव्हर घासून गेलं होतं. डावीकडे वळवलं की उघडी तार चासीला टेकायची. त्या गाड्यांत चावी बंद करणं म्हणजे मॅग्नेटची वायर 'अर्थ' करणं, चासीला टेकवून ठिणगी बंद करणंच असायचं. म्हणजे हँडल वळवलं की गाडी आपली आपण चावी बंद करत होती! अर्ध्या रुपयाच्या टेपचं काम. कंडेन्सरचे पैसे परत दिले, पॉइंटचे दिले नाहीत. ते खरंच झिजले होते.

तर तुम्ही गॅरेजची वाट धरू नका. गाडी बंद पडेल त्या जागीच तिला पकडायचं. डिकीत प्लग पाना, एक जुना पण चालू प्लग, कोरडं फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा.

बंद पडली की लगेच, निवायच्या आत, प्लगची टोपी काढा आणि जुना प्लग तिच्यात बसवा. इंजिनातला प्लग काढू नका, तो जागेवर राहू द्या. म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर उडून ठिणगीने पेटायचा धोका नाही. जुन्या प्लगचा धातूचा भाग हेडच्या उघड्या धातूवर घट्ट टेकवा, टोपीला फडक्याने धरा, नाहीतर करंट तुम्हालाच बसेल. चावी चालू, सावली करा आणि दुसऱ्या कोणाला तरी किक मारायला सांगा. चट्चट् आवाज करत निळी ठिणगी पडली, तर माझा अंदाज चुकला; मला पुन्हा लिहा, आपण पेट्रोलच्या बाजूने शोधू. ठिणगीच नाही, तर पुढचं करा. फडकं पाण्यात भिजवून त्या डाव्या गोल कव्हरवर ठेवा, दोनतीनदा पुन्हा ओलं करा. पाणी सिलिंडरवर ओतू नका. एरवी तुमच्या गाडीला पाऊण तास लागतो, हे वहीत आहेच. फडक्याने ती दहा-पंधरा मिनिटांत उठली, तर चोर सापडला. कव्हर गार करूनही ठिणगी आली नाही, तर दुसरा संशयित टाकीखालची एचटी कॉइल, प्लगला जोराचा करंट देणारी. तीही तापल्यावर अशीच दगा देते. तिच्यावर फडकं ठेवायच्या भानगडीत पडू नका, तिथे वायरी आहेत. ती दुसऱ्या गाडीची लावून बघायची.

यानंतर मेकॅनिककडे जा आणि त्याला मल्टिमीटर लावायला सांगा. पल्सर कॉइलची वायर सीडीआयकडे जाते, तिथला कनेक्टर सोडून ओहम मोजायचे. एकदा सकाळी थंड, एकदा अर्धा तास पळवून आल्या आल्या. थंड असताना किती हवेत ते गाडीप्रमाणे बदलतं, बऱ्याच गाड्यांत शंभर ते तीनशेच्या दरम्यान. गरम झाल्यावर आकडा थोडा वाढला तर घाबरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. साठ अंशांनी तापलं तर २०० चे २५० होणारच. मीटर आकडाच दाखवेनासा झाला किंवा आकडा नाचायला लागला, तर कॉइल गेली. नुसतं थंड मोजून 'कॉइल ओके आहे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. थंड असताना तर गाडीही ओकेच असते.

कॉइल बदलताना कव्हर उघडावं लागतं. तुमच्या गाडीत मॅग्नेट ऑइलमध्ये फिरणारा असेल तर गॅस्केट नवीन टाका आणि ऑइलची पातळी पुन्हा बघा. वायर जिथून बाहेर येते तिथलं रबर नीट बसलं नाही तर महिन्याभरात ऑइल गळायला लागेल आणि मग तुम्ही मला नवं पत्र लिहाल. जुनी कॉइल मागून घ्या. वर्गात न्या. गरम पाण्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, मीटर लावून पोरांना दाखवा.

प्रश्न : माझी २०२१ ची बीएस-६ गाडी आहे, किक नाही. सेल्फचं बटण दाबलं की कधी काहीच होत नाही, कधी नुसतं 'टक्' होतं. बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते, म्हणजे चांगली ना?
— कॉलेजचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी म्हणजे पंक्तीला बसण्याआधी 'चार पोळ्या खाईन' म्हणणारा माणूस. बटण दाबलेलं असताना मोज. दहाच्या बरंच खाली गेली तर ती थकलीय.

पण तुझ्या पत्रात दोन दुखणी एकत्र झालीत. 'टक्' होतं तेव्हा बटणापासून रिलेपर्यंत (बटण दाबल्यावर सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच) सगळं ठीक आहे. बॅटरीची टर्मिनल उघड, पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन, पुसून, घट्ट आवळ. चासीला जाणारी अर्थची वायरही आवळ, ती सगळे विसरतात. एवढ्यावर थांबलं नाही तर रिले. आवाजच होत नाही तेव्हा मात्र क्लच लिव्हरखालचा स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि लाल किल स्विच बघ. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल भरतो. गाडी न्यूट्रलला घेऊन, स्टँड वर करून, क्लच दोनतीनदा दाबून-सोडून बटण दाब. कशाने उठते ते वहीत लिही.