चारातलं एक झालं, आता तीन उरली ना?

तो चौकटीच्या वहीत चार घरं आखूनच आला होता. पहिल्या घरात फुली, बाकीची तीन कोरी.

"मॅडम, चारात एकाला होतो असं सांगितलं होतं. ते एक आमचं झालं. म्हणजे पुढची तिन्ही निरोगी ना?"

बायको खिडकीकडे बघत बसली होती. अडीच वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आता दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता.

हा हिशेब माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की आता मी खणात दोन नाणीच ठेवते.

आधी थोडी उजळणी केली. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं, म्हणून बहुतेक जनुकांच्याही दोन-दोन प्रती. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी बनवणारं जनुक 11व्या गुणसूत्रावर असतं. या दोघांकडे त्याची एक प्रत धड, एक बिघडलेली. धड प्रत काम निभावून नेते, म्हणून दोघंही ठणठणीत. यालाच वाहक म्हणायचं. पुस्तकं अशा आजाराला 'अप्रभावी' म्हणतात. मला तो शब्द खटकतो, कारण लोकांना वाटतं आजारच सौम्य आहे. अर्थ एवढाच, की बिघडलेली प्रत एकटी असली तर आजार होत नाही.

मग नाणी दिली, दोघांना एकेक. छापा म्हणजे धड प्रत, काटा म्हणजे बिघडलेली. "एकदम टाका."

दोन्ही काटे. तो ओशाळून हसला.

"पुन्हा."

एक छापा, एक काटा. तिसऱ्यांदा परत दोन्ही काटे. तिचं नाणं टेबलाच्या कडेला जाऊन थांबलं. ती पहिल्यांदाच बोलली, "म्हणजे मागचं काही धरतच नाहीत."

नाहीच धरत. ती चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. एकाच मुलाच्या चार शक्यता आहेत त्या. दर गरोदरपणात आजाराची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50, दोन्ही प्रती धड असण्याची 25.

"घरी म्हणतात, माझ्याकडूनच आलं." हे तिनं नाण्याकडे बघतच सांगितलं. त्यानं स्वतःचं नाणं उचलून तिच्या नाण्याशेजारी ठेवलं, काटा वर करून. मला काही बोलावं लागलं नाही.

गर्भाची तपासणी करता येते. साधारण 11 ते 14 आठवड्यांत वारेचा नमुना घेतात, पण त्याआधी दोघांच्या जनुकात नेमका कुठला बिघाड आहे ते शोधून ठेवावं लागतं. ते काम आत्ताच करा म्हटलं, दिवस राहिल्यावर घाई होते.

निघताना तो दारात थांबला. "माझ्या बहिणीचं काय? तिचं लग्न ठरतंय."

"तिचं नाणं कधीच पडून गेलंय. कुठल्या बाजूनं, ते रक्त तपासलं की कळेल. हिमोग्लोबिन ए-टू बघायला सांगा, हिमोग्लोबिनचाच एक प्रकार आहे तो."

त्यानं ते नाव वहीत लिहून घेतलं, कोऱ्या राहिलेल्या एका घरात.