बाळाचं नाव, आजीआजोबांची नाराजी आणि लीड्समधले ४२ दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळजवळच्या गावातून तुम्ही दोघं डिसेंबरात वर्क व्हिसावर लीड्सला चाललात आणि बाळ एप्रिलात तिकडेच होणार. मुलगा झाला तर रेयांश, मुलगी झाली तर कियारा, हे तुमचं ठरलंय. सासऱ्यांना पणजोबांचं ‘यशवंत’ पुढे चालवायचंय. सासूबाई म्हणतात, “ह्या कसला नाव ता? माझ्या तोंडात बसणा नाय,” आणि राशीचं अक्षर येईपर्यंत त्यांना नावाचा विषयच नको. मग तिकडे जन्मनोंदणी कशी करायची, आणि पुढेमागे नाव बदलावं लागलं तर बदलता येतं का?

बदलता येतं, पण त्या भरवशावर नोंदणी करू नका. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते (ग्लासगो किंवा एडिंबरा असतं तर २१ दिवसांत). नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत पहिलं नाव एकदाच बदलता येतं, पण जुनं नाव खोडलं जात नाही. त्याच नोंदीत नवं नाव शेजारी चढतं, म्हणजे दोन्ही कायम दिसतात. वर्ष उलटल्यावर प्रतिज्ञापत्रासारखा दस्त करून नवं नाव वापरता येतं, जन्मदाखला मात्र तसाच राहतो.

खरी गुंतागुंत दाखल्याच्या पुढे आहे. आईवडिलांपैकी एक तरी ब्रिटिश किंवा तिथला कायम रहिवासी असल्याशिवाय तिथे जन्मलेलं मूल ब्रिटिश नागरिक होत नाही. तुमचं मूल भारतीय राहणार, आणि त्यासाठी एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवावा लागतो. वर्ष ओलांडलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. त्या नोंदीवर पासपोर्ट आणि पासपोर्टवर बाळाचा व्हिसा. ही सगळी साखळी ब्रिटिश दाखल्यावरच्या नावाने सुरू होते. मधेच नाव फिरवलं की प्रत्येक कडी पुन्हा घडवावी लागते, आणि तोवर बाळाला घेऊन गणपतीला गावी येणं अडतं. म्हणून घरातला वाद नोंदणीच्या आधी मिटायला हवा. त्याला वेळ पुरेसा आहे, फक्त तो फुकट जाऊ देऊ नका.

आधी नाराजी नेमकी कशावर आहे ते वेगळं करा. अक्षर हा एक मुद्दा, पणजोबांचं नाव हा दुसरा, उच्चार हा तिसरा. कधी चौथाही असतो आणि तो चटकन कोणी बोलत नाही: त्या नावाचं भावकीतलं एखादं मूल लहानपणी गेलेलं असतं. तो निघाला तर माझ्या मते नाव सोडून द्यावं, तिथे वाद घालू नये. बाकी तिन्हींना वाट आहे.

अक्षराचं बघू. प्रत्येक नक्षत्राचे ४ चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर. रोहिणीचे ओ, वा, वी, वू, तसे. चंद्र एका चरणात साधारण ६ तास असतो. एप्रिलात ब्रिटनची घड्याळं उन्हाळी वेळेवर असतात आणि आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो. तुम्ही फोनवर “सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी झालं” एवढंच सांगितलंत आणि गावच्या भटजींनी ती भारतीय वेळ धरून पत्रिका मांडली, तर साडेचार तासांची चूक होते. सहा तासांच्या चरणात एवढ्या चुकीने अक्षर बहुतेक वेळा चुकीचंच निघतं. मग त्या चुकीच्या अक्षरावरून घरात महिनाभर धुसफूस. सांगताना स्थळ लीड्स, तिथली स्थानिक वेळ आणि ‘उन्हाळी वेळ चालू आहे, एक तास वजा करा’ हे तिन्ही लिहून पाठवा. आणखी एक: इंग्लंडच्या जन्मदाखल्यावर जन्मवेळ येत नाही, जुळी असतील तरच येते. तेव्हा प्रसूतीनंतर सुईणीला विचारून वेळ कागदावर टिपून घ्या. नंतर दाखल्यावर शोधून ती सापडणार नाही.

अक्षराचं नाव हे जन्मनाव. ते पत्रिकेत राहतं, पूजेत संकल्पाला घेतात, आणि कित्येक घरांत ते व्यवहारात कधी वापरलंच जात नाही. सासूबाईंना हे नवं नाही. आजूबाजूच्या दहा माणसांची जन्मनावं विचारलीत तर निम्म्यांना ती आठवायचीही नाहीत. ‘अक्षराचं जन्मनाव तुम्ही ठरवा, ते पाळण्यात घेऊ’ असं आधीच सांगितलंत की त्यांच्या हातात खरोखरचं काही येतं.

पणजोबांच्या नावाला मात्र जपून जागा द्या. इथे हमखास चूक होते. तिकडच्या दाखल्यावर पहिली नावं आणि आडनाव एवढंच असतं, वडिलांच्या नावाचा आपल्यासारखा मधला रकाना नसतो. लोकांना वाटतं, मधलं नाव म्हणून यशवंत टाकू, सासरेही खूश. समजा वडील संदेश आणि आडनाव राणे. मग दाखला होतो ‘रेयांश यशवंत राणे’. इंग्लंडमध्ये त्याला कोणी काही म्हणणार नाही. पण महाराष्ट्रातला कुठलाही कारकून मधलं नाव वाचतो ते वडिलांचं म्हणून. उद्या घराची, कलमांच्या बागेची वारसनोंद तलाठ्याकडे लावायची वेळ आली की वारस ‘यशवंतचा मुलगा’ दिसणार आणि सातबाऱ्यावर मात्र संदेश. मग प्रतिज्ञापत्रं, दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचे दाखले. नातवाचं नाव जमिनीशी जोडलेलं राहावं अशीच तर सासऱ्यांची इच्छा असते. हा मुद्दा त्यांना असाच, सातबारा समोर धरून समजवा. भावनेपेक्षा तो लवकर पटतो.

यशवंत कागदावर हवंच असेल तर पहिल्या नावांच्या रकान्यात रेयांश यशवंत संदेश, आणि आडनावात राणे. वडिलांचं नाव आडनावाच्या लगत राहिलं पाहिजे. नाव लांबतं, पण वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. तिकडच्या शाळेत आणि दवाखान्यात फक्त रेयांशच चालेल. नवऱ्याच्या पासपोर्टवर आडनाव कसं आहे तेही आत्ताच काढून बघा. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात असतं. तसं असेल तर निघण्याआधी भारतातच दुरुस्त करा, नाहीतर बापाचं आणि बाळाचं आडनाव कागदावर जुळणार नाही.

उच्चाराचं म्हणाल तर आपल्याकडे हाक मारायचं नाव वेगळं असणं ही जुनीच रीत. सून सासऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून आजोबांच्या नावाच्या नातवाला बाबू, आप्पा, भाई म्हटलं जाई. सासूबाई बाबलो म्हणोत नाहीतर बाय, त्यांना ‘आमचं नाव हेच आहे’ असं दर फोनवर दुरुस्त करत बसू नका.

एक गोष्ट गावाची. वाद चिघळला की कोणीतरी ग्रामदेवतेला कौल लावायचं काढतं. ‘हे नाव ठेवू की नको’ असा कौल लागला आणि डावा पडला, तर त्यानंतर ते नाव ठेवणं म्हणजे देवाला डावलणं ठरतं, आणि गुरवापासून मानकऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. कौलाला माझा विरोध नाही. पण लावायचाच तर तुम्हा दोघांना आणि सासूसासऱ्यांना चालतील अशा दोन नावांतच लावा, आणि बाळ व्हायच्या आधी हे बोलून घ्या. सासऱ्यांना त्याहून जास्त समाधान गाऱ्हाण्यात मिळेल. बाराव्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायला सांगा, “बा देवा म्हाराजा” पासून शेवटच्या “व्हय म्हाराजा” पर्यंत, त्यात बाळाचं ठरलेलं नाव आणि पणजोबांचं नाव दोन्ही येऊ द्या.

आता क्रम. निघण्याआधी, ओटीभरणाच्या सुमारास, नवऱ्याने स्वतः आपल्या आईवडिलांशी बोलावं. सुनेने नाही, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. एकच नाव जाहीर करण्यापेक्षा तीन ठेवा आणि चौथं त्यांच्याकडून मागा. नाव लपवून ठेवून थेट दाखल्याचा फोटो पाठवायचा प्रकार काही जण करतात. त्याने नाराजी नावावरून उठून माणसांवर बसते.

बाळ झालं की वेळ कळवा. सोयर दहा दिवस गावच्या घरालाही लागतं, त्यामुळे दिवस लपवून चालत नाही. बारसं बाराव्या दिवशी, गावच्या संध्याकाळी ५ ला म्हणजे तुमच्या दुपारी साडेबाराला ठेवा. कानात नाव आत्याने सांगायचं. ती गावी असेल तर व्हिडिओ कॉल नको, साधा फोन बाळाच्या कानाशी धरा. आपल्याकडे वीज गेली की चित्र अडकतं, आवाज निदान पोचतो. बारसं झालं तरी नोंदणीला चार आठवडे उरतात. काही अडलं असेल तर ते याच काळात सोडवायचं.

नोंदणी कार्यालयाची वेळ मात्र पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली. लीड्समध्ये जन्म म्हणजे लीड्सचंच कार्यालय. लग्न झालेलं असल्यामुळे दोघांपैकी एक गेलं तरी चालतं, पण शक्य तर दोघं जा. नावाचं रोमन स्पेलिंग दोघांनी आधी एका कागदावर लिहून सोबत न्या. रेयांशमध्ये ‘य’ला वाय की आय, यावर तिथे टेबलापाशी चर्चा नको. नोंदणी अधिकारी मसुदा वाचायला देतात. एकाने एकेक अक्षर वाचायचं, दुसऱ्याने कागदाशी ताडून बघायचं आणि मगच सही करायची. दाखल्याच्या प्रती तेव्हाच जास्त घ्या. वकिलात, पासपोर्ट आणि व्हिसा यांत एकेक अडकून राहते.

आणि सासरे शेवटपर्यंत तयार झाले नाहीत तर? नोंदणी पुढे ढकलू नका. आदल्या दिवशी नवऱ्याने फोन करून सांगावं: उद्या हे नाव लागतंय, यशवंत इथे येतंय, जन्मनाव तुम्ही ठेवलेलंच आहे.