गोल मारणे वेगळे, शिकवणे वेगळे

प्रश्न : माझा मुलगा एकवीस वर्षांचा असून कोल्हापुरातील एका तालमीच्या फुटबॉल संघात स्ट्रायकर आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो आता बी.कॉम.चे शेवटचे वर्ष सोडून प्रशिक्षक व्हायचे म्हणतो. त्यावर पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : सस्नेह नमस्कार. आपल्या पत्रात काळजी पोटापाण्याची आहे. मला मात्र त्याआधी दुसरा प्रश्न पडतो. स्ट्रायकरचे बरेचसे कसब अंगवळणी पडलेले असते. चेंडू येण्यापूर्वी आपण बचावपटूच्या पाठीमागे नेमके का सरकलो, हे त्याला स्वतःलाही अनेकदा सांगता येत नाही, आणि प्रशिक्षकाचे काम तर तेच सांगण्याचे असते.

भारताचे फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जी यांची वाटचाल मुलाला अवश्य सांगावी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध गोल करणारा हा आघाडीपटू मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कोलकात्यातील कट्टर प्रतिस्पर्धी संघांकडून कधीच खेळला नाही. रेल्वेच्या नोकरीत राहून त्यांनी ईस्टर्न रेल्वेला 1958 मध्ये कोलकाता लीग जिंकून दिली. खेळणे थांबल्यावर, एवढे नाव गाठीशी असूनही, ते जपानमध्ये डेटमार क्रॅमर या जर्मन प्रशिक्षकाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसले. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने 1975 च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला 5-0 असे हरवले, आणि दोनच वर्षांनी त्याच मोहन बागानने त्यांच्याच हाताखाली शील्ड, ड्युरँड व रोव्हर्स हे तिन्ही चषक एका हंगामात मिळवले. (कोलकात्यात हे दोन्ही संघ सांभाळणे म्हणजे काय, हे कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाच्या सामन्याला गेलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.)

आज अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकांसाठीच्या डी परवान्यापासून सुरुवात होते. त्यानंतर सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या असून, मधल्या काळात प्रत्यक्ष संघ सांभाळल्याचा अनुभव लागतो. खालच्या परवान्यांवर शाळा आणि अकादम्यांमध्ये काम मिळू शकते, परंतु सुरुवातीला केवळ त्यावर घर चालेल असे मी म्हणणार नाही. म्हणूनच बी.कॉम. सोडू देऊ नये: कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर, खेळातील सहभागाच्या अटी पूर्ण करून, दोन वर्षांचे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करता येते आणि शाळेतील क्रीडाशिक्षकाच्या नोकरीचा मार्ग खुला राहतो.

तूर्त त्याने सहा महिने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवावे. स्वतः गोल मारून दाखवण्याची हौस आवरून, शिकणाऱ्या मुलाचा फटका का चुकला हे त्याच्याच वेगाने समजावण्याचा धीर त्याच्यापाशी आहे का, हे आपल्याला मैदानाच्या कडेला उभे राहूनही दिसेल. परवान्याच्या वर्गात प्रात्यक्षिके करावी लागतात. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना गुडघा एकदा दाखवून घ्यावा.