नागपुरात १५-२० लोकांचं ऑफिस काम न थांबवता दुसऱ्या जागी कसं हलवायचं?

तुम्ही विचारलंय की सीताबर्डीवरून वर्धा रोडला ऑफिस न्यायचं आहे, काम बंद पडायला नको, तर सुरुवात कुठून करायची. मी इथं ऑफिसांचं नेटवर्किंग अन् वायरिंगचं काम करतो, त्यामुळं शिफ्टिंगची रात्र माझी बहुतेक तिथंच जाते. माझं म्हणणं असं की टेम्पो आणि हमाल सगळ्यात शेवटी ठरवा, आणि जुन्या जागेचं भाडं निदान पंधरा दिवस जास्तीचं भरायची तयारी ठेवा. लोक नेमकं तेवढंच भाडं वाचवायला जातात, ३० तारखेला जुनी जागा खाली अन् १ तारखेला नवी चालू असा हिशोब लावतात, मग नेटची लाइन आली नाही म्हणून सगळा स्टाफ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करून राहिलेला असतो.

ॲग्रीमेंट करायच्या आधी त्याच मजल्यावरच्या दोन-तीन ऑफिसांत जाऊन विचारा की नेट कोणाचं आहे, किती वेळा जातं. काही बिल्डिंगमध्ये एकाच कंपनीला केबल टाकू देतात, ते सही झाल्यावर कळून काही फायदा नाही. लाइनसाठी महिनाभर आधी अर्ज टाका. स्टॅटिक आयपी (तुमच्या नेटच्या लाइनचा कायम एकच राहणारा नंबर) असेल तर तो नव्या जागी बदलू शकतो, म्हणजे बाहेरून टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडणारे, कॅमेरे मोबाईलवर पाहणारे सगळे अडकतील, त्याची यादी आधीच करून ठेवा.

दुसरं, विजेचं बिल मागून पाहा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार, म्हणजे त्या मीटरवर किती वीज वापरायची मान्यता आहे ते, लिहिलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सगळे एसी, कॉम्प्युटर, प्रिंटर एकदम चालू झाले की कमी भाराचं मीटर तग धरत नाही. मीटर मालकाच्या नावावर असतं, म्हणून भार वाढवायचा अर्ज त्यालाच करायला लावा, आणि तोही तुम्ही डिपॉझिट द्यायच्या आधी. अन् जागा तळमजल्यावर असेल तर पाणी कधी शिरलं होतं का हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून आजूबाजूच्या वस्त्यांत पाणी घुसलं ते सगळ्यांना आठवतं. यूपीएस आणि सर्व्हर जमिनीवर ठेवूच नका.

आता सामान. नव्या जागेचा नकाशा काढून प्रत्येक टेबलाला नंबर द्या, तोच नंबर सीपीयू, मॉनिटर, खुर्ची, खोकं सगळ्यांवर. त्या टेबलाच्या पॉवर कॉर्ड, ॲडॅप्टर, माऊस एका चेनवाल्या पिशवीत भरून पिशवीवरही तोच नंबर. सर्व्हरच्या रॅकला हात लावायच्या आधी मागून-पुढून फोटो काढा, अन् प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून पोर्टचा नंबर लिहा, एकाच टोकाला लिहिला तर नव्या जागी जोडताना अंदाजानं जोडावं लागतं. बॅकअपची हार्ड डिस्क टेम्पोत नको, आपल्या गाडीत. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, त्यातली एखादी फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.

कागदपत्रं तुमचे सीए करतील पण मागं तुम्हालाच लागावं लागेल. जीएसटीमध्ये मुख्य पत्ता बदलला की १५ दिवसांत आरईजी-१४ फॉर्म भरायचा, त्याला नव्या जागेचा भाडेकरार आणि मालकाचं वीजबिल किंवा टॅक्स पावती लागते. प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि रजिस्टर्ड ऑफिसच (कंपनीच्या नोंदणीतला पत्ता) हलत असेल तर ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडं आयएनसी-२२ फॉर्म, शहराच्या हद्दीबाहेर गेलात तर भागधारकांचा विशेष ठरावही. शॉप ॲक्ट, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), बँक, पीएफ, टॅन (टीडीएसचा नंबर) इथला पत्ताही त्याच आठवड्यात बदलून घ्या.

तारीख निवडताना शुक्रवार संध्याकाळ ते रविवार धरा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर बर्डी-सिव्हिल लाइन्सकडं मोर्चे अन् बंदोबस्त, दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीमुळं रहाटे कॉलनीकडून टेम्पो काढणं कठीण, ते दिवस सोडाच. तुमच्या कंपनीच्या मालकांच्या घरी पितृपक्ष पाळत असतील तर आधीच विचारून घ्या, ऐनवेळी तारीख फिरली की हमालापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या वेळा परत जुळवत बसावं लागतं. पावसाळा असेल तर ताडपत्री तुमची तुम्ही घ्या.

नव्या जागी नेट दोन-तीन दिवस नीट चाललं की मगच जुन्या जागेचं बंद करा. एखादा माणूस तिथं बसवा, कुरियर आणि सरकारी पत्रं जुन्याच पत्त्यावर येत राहतात. चावी देताना मालकाला सोबत घेऊन भिंती, फिटिंग आणि मीटरचं रीडिंग याचे फोटो काढा, डिपॉझिटमधून काही कापायचं असेल तर त्याच वेळी लिहून घ्या.