हिवाळ्यातल्या उदास दिवसांत वसंतातल्या बागेची वाट पाहावी का?

तुम्ही विचारले आहे की, खिडकीबाहेर काळी माती आणि उघड्या फांद्या यांखेरीज काही दिसत नसताना वसंतातल्या बागेची वाट पाहत राहिल्याने मनाला उभारी येते की उदासी आणखी वाढते. नेमक्या याच गोष्टीवरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद गेली नऊ वर्षे चालू आहे, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

माझे मत स्पष्ट आहे: वाट जरूर पाहावी. परंतु जमिनीखाली या घडीला काय चालले आहे याची माहिती करून न घेता जो वाट पाहतो, तो नुसता झुरतो.

वाद सुरू झाला त्या वर्षी आईचे मोठे आजारपण निघाले आणि सबंध हिवाळा तिने अंथरुणावर काढला. तिच्या खिडकीखाली डॅफोडिलचा, म्हणजे कंदापासून उगवून वसंतात फुलणाऱ्या पिवळ्या फुलांचा, वाफा होता. त्यातले चाळीसेक कंद मी माझ्या हातांनी लावले होते आणि आदल्या वसंतात तो वाफा भरभरून फुललाही होता. त्यामुळे पडून पडून कंटाळलेल्या आईला मी रोज तेच सांगत असे, की आता दहा आठवडे राहिले, आता आठच राहिले, मग तुझी खिडकी पिवळीधमक होईल. थंडी ओसरू लागली तसे कोंब वर आले, पाने वीतभर झाली, मग दोन विती झाली, पण त्यांच्यामधून एकही कळी डोकावली नाही. रोज सकाळी मी पानांचे झुबके बोटांनी फाकवून पाहत असे, आणि आई आतून काचेवर टकटक करून नुसत्या हाताच्या खुणेने विचारत असे, की काय झाले. तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचत नसे.

दादाचे म्हणणे असे पडले की थंडी जास्त झाली आणि कळ्या आतल्या आत जळाल्या. पुढे तो हेही म्हणाला, "तू तिला आशा लावायलाच नको होतीस. फुले आली तर आली, नाही तर नाही. त्यांच्याकडे डोळे लावून कशाला बसायचे?" हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

थंडीने डॅफोडिलची कळी जळते हे कारण मला तेव्हाही पटले नव्हते, कारण या झाडाला थंडी हवीच असते. डॅफोडिल किंवा ट्यूलिपच्या कंदाला साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालची थंडी मिळाली नाही, तर फुलाचा दांडा नीट लांबत नाही आणि कळी पानांतच खुरटून राहते. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. त्याच खेपेचे सहा कंद मी परसात पाण्याच्या टाकीमागे एका कुंडीत लावले होते, आणि त्या सहाही कंदांना त्याच थंडीत, त्याच वसंतात फुले आली. फरक एकच होता. आदल्या वर्षी फुले सुकल्यावर वाफ्यातली पाने आडवी पडून अस्ताव्यस्त दिसू लागली, तेव्हा पाहुणे यायचे म्हणून दादाने ती सगळी जमिनीलगत कापून काढली होती. टाकीमागची कुंडी त्याच्या नजरेतून सुटली, म्हणून तेवढी पाने वाचली.

पुढच्या लावणीच्या वेळी मी दोन्हीकडचा एकेक कंद उभा कापून पाहिला. वाफ्यातला कंद हाताला पोचट लागत होता आणि त्याच्या पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध केवळ पानांचे फिकट कोंब होते. कुंडीतल्या कंदात मात्र त्याच जागी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी कळी होती, आणि भिंगाखाली तिच्यातले पुंकेसरही वेगळे ओळखता येत होते. हिवाळा अजून सुरूही झाला नव्हता आणि वसंतातले फूल घडून तयार होते! डॅफोडिलची पुढच्या वर्षीची कळी आधीची फुले सरल्यानंतर, पाने हिरवी असतानाच, कंदात धरू लागते आणि तिचे पोषण त्या पानांतून होते. म्हणून फुले सुकल्यावर निदान सहा आठवडे पाने कापू नयेत, आणि नीटनेटकी दिसावीत म्हणून त्यांच्या गाठीही मारू नयेत. आईची निराशा मी लावलेल्या आशेने झाली नाही. ती आदल्या वर्षीच्या कात्रीने झाली.

आता तुमच्याविषयी. भर हिवाळ्यात सफरचंदाच्या फांदीजवळ जाऊन पाहा: गुबगुबीत, लवदार डोळे (म्हणजे फांदीवरचे न उमललेले कोंब) फुलांचे असतात, तर बारीक आणि फांदीला चिकटून बसलेले डोळे पानांचे असतात. ते फुलांचे डोळे गेल्या उन्हाळ्यातच धरलेले असतात. हिवाळा सरत आला की फोर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाची एखादी फांदी कापून घरात पाण्यात ठेवल्यास दोन-तीन आठवड्यांत ती फुलते. दुपारी थोडा वेळ बाहेर काढावा, कारण आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. संध्याकाळींकडेही लक्ष ठेवा. सर्वांत लवकरचा सूर्यास्त हा वर्षातला सर्वांत लहान दिवस येण्याआधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे सकाळी अंधार वाढत असतानाच संध्याकाळ लांबू लागलेली असते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. कंदांची दाटी, उथळ लावणी किंवा गडद सावली यांमुळेही फुले येत नाहीत, तेव्हा प्रत्येक वेळी दोष कात्रीचाच असतो असे मी म्हणणार नाही. डॅफोडिलचा कंद विषारी असतो आणि त्याच्या रसाने कातडीला खाज सुटते, म्हणून कापून पाहायचा तर हातमोजे घाला. आणि ही उदासी दर हिवाळ्यात येऊन झोप, भूक आणि काम बिघडवत असेल, तर बागेच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जा. मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन केले, आणि त्यावर रोज सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) दिव्यासमोर अर्धा तास बसण्याचा उपचार आजही दिला जातो.

आमचा वाफा सावरायला दोन वर्षे लागली. तिसऱ्या वसंतात तो फुलला तेव्हा आई हिंडूफिरू लागली होती, आणि खिडकीतून न पाहता ती वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली. दादा त्या बहराचे श्रेय अजूनही त्या वर्षीच्या सौम्य थंडीला देतो. तुमच्या घरातही नीटनेटकेपणाची आवड असलेले कोणी असेल, तर फुले सुकायची वाट न पाहता त्यांच्याशी आजच बोलून ठेवा.