गावाकडे घर बांधतोय. मोठी सेप्टिक टाकी घेऊ की दोन खड्ड्यांचा संडास? सांडपाण्याचं काय करायचं?

दोन खड्डे घ्या. अनुदानातला, गरिबाचा संडास म्हणून लोक नाक मुरडतात. आमच्याकडे ते काम थोरल्या भावाने केलं.

२०१५ साली कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी दोघांनी शेजारीशेजारी घरं बांधली. दादाने दहा बाय आठची टाकी खोदली, वर स्लॅब टाकला आणि टाकीचं पाणी दिलं सोडून गल्लीच्या गटारात. मी मीटरभर व्यासाचे दोन खड्डे घेतले. "एवढं शिकून शेवटी खड्ड्यातच गेलास," हे मी प्रत्येक लग्नकार्यात ऐकलंय. वर "माझी टाकी आजवर एकदाही भरली नाही" हा तोरा.

अहो, टाकीत मैला पूर्ण कुजत नाही. गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी जंतूंसकट बाहेर पडतं, म्हणून पुढे शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, लागतो. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही तर पाण्याला थांबायला जागाच उरत नाही, आलेला माल तसाच गटारात जातो. ते गटार आमच्या दारावरून ओढ्याला जातं. भरेल कशी टाकी?

माझा पहिला खड्डा पाच वर्षांत भरला. संडास आणि खड्ड्यांच्या मधल्या चेंबरमधली वाट फिरवून दुसरा सुरू केला आणि पहिल्याला दोन वर्षं हात लावला नाही. २०२३ च्या मे महिन्यात झाकण काढलं तेव्हा दादा नाकाला टॉवेल लावून ओट्यावर उभा. आत चहाच्या चोथ्यासारखं काळं, भुसभुशीत खत. घाण वास अजिबात नाही. हातमोजे घालून मूठभर त्याच्यापुढे धरलं, तर गडी दोन पावलं मागे! वहिनींनी मात्र दोन पाट्या लिंबाला नेल्या. कणकवलीच्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या गोपुरी संडासातून हेच सोनखत करून दाखवलं होतं, तेही माझ्या आणि दादाच्या जन्माआधी.

मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी या खड्ड्यांत सोडू नका. त्याला वेगळा शोषखड्डा करा, त्याच्या अलीकडे केस, खरकटं आणि तेलकटपणा अडवायला छोटं चेंबर ठेवा. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळेच नावारूपाला आलं.

हां, आमची जमीन मुरमाड आहे, हे सांगायचं राहिलं. काळी चिकण माती, पावसाळ्यात वर येणारं पाणी किंवा दहा मीटरच्या आत विहीर असेल तर माझं ऐकू नका. कोकणात जांभ्यातून पाणी झरझर जातं, तिथे दहा मीटरही पुरत नाहीत. मग टाकी बांधा, पण वेळच्या वेळी मशीनने उपसा. माणूस आत उतरवू नका, २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि आतल्या वायूने माणूस मरतो.

पाणी मुरायला खड्ड्याचं बांधकाम जाळीचं, फटी ठेवलेलं हवं, तळाला काँक्रीट नको. गवंडी आतून गिलावा करायला निघाला तर त्याचा हात धरा. आमच्या गवंड्याने अर्धा खड्डा गुळगुळीत करून टाकला होता, दादाच्या सांगण्यावरून.