'स्थिर वितरण' : यात स्थिर काय?

खानापूरहून विचारणा आहे : संख्याशास्त्रातल्या 'स्थिर वितरणा'त (वितरण म्हणजे कोणती संख्या किती शक्यतेने येते, त्याचा आराखडा) नेमकं काय स्थिर असतं? वर्गात 'सरासरी' असं सांगितलं, ते बरोबर का?

साफ चूक. हे वारंवार कानांवर येतं आणि दर वेळी खटकतं, कारण कित्येक स्थिर वितरणांना सरासरीच नसते. आपल्या सीमाभागात घोळ वाढतो तो कन्नडमुळे. तिकडची 'स्थिरास्ती' म्हणजे आपली स्थावर मालमत्ता. जमिनीच्या व्यवहारात तो शब्द सतत दिसतो, म्हणून 'स्थिर' म्हटलं की जागचं न हलणारं, एवढंच डोक्यात बसतं.

फ्रेंच गणिती पॉल लेव्हीने १९२५ च्या पुस्तकात या वितरणांची मांडणी केली. त्याचं फ्रेंच 'स्ताब्ल' आलं लॅटिन 'स्ताबिलिस'वरून. मूळ 'स्तारे', उभं राहणं. आपल्या 'स्था'चं सख्खं भावंड. आणि घोड्यांच्या पागेला इंग्रजीत 'स्टेबल' म्हणतात, तेही लॅटिन 'स्ताबुलुम'वरून, म्हणजे उभं राहायच्या जागेवरून. मराठीत घोडा बांधायची जागा कोणती? ठाण! संस्कृत 'स्थान'वरून आलेलं. पोलीस ठाणंही त्यातलंच, आणि हा शब्द कन्नडलाही परका नाही. ठाणावरचा घोडा काही खिळून ठेवलेला नसतो. दिवसभर दौडतो आणि संध्याकाळी आपल्याच ठाणावर येतो. माझ्या मते 'स्थिर वितरणा'तला 'स्थिर' समजायला 'स्थावर' नव्हे, हे 'ठाण' उपयोगी.

कारण इथे दौड आहे बेरजेची. एक फासा टाका : १ ते ६ सगळे सारख्या शक्यतेचे, आलेख सपाट. दोन फाशांची बेरीज घ्या : ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग, २ चा एकच. सपाटाचा डोंगर झाला, ठाण सुटलं. स्थिर वितरणात तसं होत नाही. त्याच वितरणातल्या स्वतंत्र संख्यांची बेरीज केली, की आलेख फक्त ताणला जातो आणि सरकतो. घडण तीच राहते.

'बेरजेनंतर वितरणाचं कुळ तेच राहिलं की झालं' असंही काही जण लिहितात. तेही चूक. प्वासाँ वितरण म्हणजे ठरावीक काळात एखादी घटना किती वेळा घडते, त्या मोजणीचं वितरण. २ आणि ३ सरासरीच्या दोन स्वतंत्र प्वासाँ संख्यांची बेरीज ५ सरासरीची प्वासाँच असते, पण ताणून-सरकवून एकाची दुसरी होत नाही. म्हणून प्वासाँ स्थिर नाही.

ताण किती, ते प्रत्येक स्थिर वितरणाला जोडलेला अल्फा नावाचा आकडा ठरवतो. तो ० पेक्षा मोठा, फार तर २. n संख्यांच्या बेरजेचा पसारा n च्या १/अल्फा घाताने वाढतो. १०० संख्या घेतल्या, तर घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणात (अल्फा २) १० पट, कोशी नावाच्या वितरणात (अल्फा १) १०० पट, लेव्ही नावाच्या वितरणात (अल्फा १/२) १०,००० पट. सरासरीसाठी बेरजेला १०० ने भागायचं, म्हणून कोशीच्या १०० निरीक्षणांची सरासरी एका निरीक्षणाइतकीच बेभरवशाची असते. नमुना वाढवून फायदा शून्य.

काही पंडित 'स्थिर'ऐवजी 'स्थायी' शब्द सुचवतात. मला तो मुळीच मान्य नाही. मार्कोव्ह साखळीत (जिथे पुढची पायरी फक्त आताच्या अवस्थेवरून ठरते) पायरीमागून पायरी गेली तरी न बदलणारं वितरण असतं, ते खरं 'स्थायी'. दोन्हींना एकच शब्द दिला तर विद्यार्थी पेपरात एकाच्या जागी दुसरं लिहिणारच. फोड करायचीच तर 'बेरीज-स्थिर' म्हणा.

सरासरीचं म्हणाल, तर अल्फा १ पेक्षा मोठा असेल तरच ती असते. सांत प्रचरण, म्हणजे पसाऱ्याचं मर्यादित माप, फक्त अल्फा २ ला.